ऐकू नाई आलं

रक्षाने घरात फासे आणले त्या रविवारी छायाला वाटलं, पोरगी जुगाराला लागली. फासेही धड नव्हते. एक आपला नेहमीचा चौकोनी, तो समजण्यासारखा. पण बाकीच्यांना कुणाला चार बाजू, कुणाला आठ, आणि एकाला तर इतक्या की तो बोरासारखा गोल दिसायचा. त्याच्या बाजू-बाजूवर बारीक आकडे कोरलेले, वीसपर्यंत होते म्हणे. सोबत अंकित आणि नीलेश ही कॉलेजातली दोन पोरं, आणि गुंजन नावाची मैत्रीण. चौघांनी समोरच्या खोलीतलं पंगतीचं लोखंडी टेबल मधे ओढलं, दार लोटून घेतलं आणि आतून खुसफूस सुरू झाली. भर दुपारी, पिपरी मेघेसारख्या सभ्य वस्तीत!

छायाने चहाचं निमित्त काढलं आणि ट्रे घेऊन थेट आत शिरली. पत्ते नव्हते, पैसे नव्हते. रक्षा टेबलाच्या एका टोकाला बसली होती. तिच्यापुढे साडीच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून भिंतीसारखा उभा केलेला, आणि ती अगदी शांत आवाजात सांगत होती, "तुमच्या समोर आता एक पहाड हाय. त्याचा माथा दिसून नाई राह्यला, ढगात हाय." तिघंही समोर टक लावून बघत होते. छायानेही वळून पाहिलं. समोर टीव्ही होता, आणि टीव्हीवर क्रोशाचा रुमाल.

"काय चालू हाय वं तुमचं?" तिने विचारलं.

"काकू, थांबा ना जरासं," अंकित कळवळून म्हणाला. "मी दरीत लटकून राह्यलो." तो खुर्चीत मांडी घालून बसला होता आणि त्याच्या हातात गोरसपाकाचं बिस्कीट होतं.

छाया स्वयंपाकघरात परतली, पण कान तिथेच ठेवून आली. जुगार असता तर परवडलं असतं, असं ती पुढे गमतीने म्हणायची. जुगारात निदान कोण जिंकलं ते तरी कळतं. इथे जिंकणं-हरणं काही नव्हतंच. रक्षा एक मुलूख सांगायची, नद्या, किल्ले, जंगलं, त्यातली माणसं आणि राक्षस, सगळ्यांचे आवाज तीच काढायची. बाकीचे त्या मुलखातले कुणीतरी असायचे. अंकित योद्धा, नीलेश जादूगार, गुंजन चोर. आपण काय करतो ते त्यांनी सांगायचं, आणि करणं अवघड असेल तर तो बोराएवढा फासा टाकायचा. आकडा मोठा तर काम फत्ते, वीस आला तर विचारायलाच नको. एक आला तर सगळंच बोंबललं. फासा घरंगळून सोफ्याखाली जाऊ नये म्हणून मधे एक स्टीलचं ताट ठेवलेलं असे. त्यात तो टणटण वाजला की छायाच्या हातातलं लाटणं थांबायचं.

एका रविवारी तिने नदी ऐकली. रक्षा फक्त बोलत होती, दुसरं काही नाही. पाणी गुडघ्याला लागलं म्हणाली, मग मांडीला, मग खालची रेती पायाखालून सरकते म्हणाली, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील घेऊन उभं आहे म्हणाली. छायाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने पायाकडे बघितलं, पाय कोरडे होते. मागे दूध उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं, तेव्हा कुठे ती भानावर आली. पुढच्या रविवारपर्यंत तिला धीर निघेना, आणि बुधवारीच तिने भाजी निवडता निवडता विचारून टाकलं, "तो कंदीलवाला कोण होता गं?"

रक्षा हसली. "आई, ते अजून मलेच नाई माहीत."

याचंच छायाला फार नवल वाटायचं. आपल्या पोटची पोर, जी साधा वरणभात कुकरला लावायचा तर चार वेळा विचारते, ती एका पंगतीच्या टेबलावर आख्खा पहाड उभा करते! आणि तो पहाड पाच-पाच तास उभा राहतो, कुणी उठत नाही, कुणी मोबाइल बघत नाही. पहिल्या-पहिल्यांदा राक्षस पुस्तकी मराठीत बोलायचा, तेव्हा पोरं हसायची. मग एकदा तो "काऊन आले बे इथी?" असं म्हणाला, आणि नीलेशसारखा नीलेश खुर्ची मागे सरकवून बसला.

खेळाचे नियम पुष्कळ होते, पण रक्षा मानायची ते दोनच. पहिला, बोललं ते झालं. टेबलावर तोंडातून निघालं ते मागे घेता येत नाही. दुसरा, फाशाचं खोटं सांगायचं नाही. अंकितचा पहिला योद्धा, ज्याच्या तलवारीचं त्याने बारसं केलं होतं, तो फाशावर एक आला म्हणून पुलावरून पडून मेला. अंकितने हातापाया पडून बघितलं, दोन रविवार तोंड फुगवलं. रक्षा काही बधली नाही. "फाशानं सांगतलं ते सांगतलं," म्हणाली.

हे बोलणं थेट बापाचं होतं. पण ते दोघींपैकी कुणी बोलून दाखवलं नाही.

ते पंगतीचं टेबलही बापाचंच. कैलासचं पिपरी मेघेच्या चौकात बिछायत केंद्र होतं. मांडव, खुर्च्या, कनाती, गाद्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज, सगळं भाड्याने द्यायचा. अडीच वर्षांपूर्वी तो कारंजा घाडग्याला एका लग्नाचा मांडव टाकायला गेला. निघताना नेहमीसारखं "येतो" म्हणाला आणि तिथेच, अर्ध्या मांडवाखाली, छातीत कळ येऊन गेला. दुकान पुढे दुसऱ्यांनी घेतलं. 'कैलास बिछायत केंद्र' ही पाटी उतरली, दुसरी लागली. एका टेबलाचा पाय वाकडा होता म्हणून नव्या मालकाने ते नेलं नाही, तेवढं घरी राहिलं.

आता छायाचं म्हणाल, तर अख्ख्या नात्यागोत्यात नाव घेण्यात तिचा हात धरणारी बाई नव्हती. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात बायका गोल करून बसल्या आणि "नाव घ्या, नाव घ्या" असा गलका झाला की बाकीच्या पाठ केलेलं काहीतरी म्हणायच्या. छाया समोर दिसेल त्यावर जागच्या जागी जोडायची. रोहणा गावातल्या एका लग्नात वाढप्याच्या हातून कढी सांडली, आणि कढी जमिनीवर पोचायच्या आत ही म्हणाली,

"पंगतीत सांडली कढी, वाढप्याची झाली घाई,
कैलासरावांसारखा मांडव अख्ख्या तालुक्यात नाई."

बायका हसून हसून लोळल्या. आणि कैलास कुठे होता? वर शिडीवर, झालर बांधत. तो तिथून ओरडला, "ऐकू नाई आलं!" हे त्याचं ठरलेलं. छायाने कुठेही नाव घेतलं की हा पठ्ठ्या मांडवाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून, तोंडात सुतळी धरलेली असली तरी, "ऐकू नाई आलं!" म्हणायचाच. मग तिने आणखी मोठ्याने घ्यायचं. तो पुन्हा ओरडायचा. तीनदा झाल्याशिवाय सुटका नसे. ती वरवर चिडायची, आणि आतून तिला इतकं बरं वाटायचं की सांगता सोय नाही.

तो गेल्यावर तिला नाव घ्यायला कुणी सांगितलं नाही. सांगत नसतातच. गेल्या उन्हाळ्यात रोहण्यालाच थोरल्या जावेच्या, शोभाबाईंच्या पुतणीचं लग्न होतं. बायका गोल बसल्या, एकेकीची पाळी होत छायापाशी आली. तिच्याजवळ तयार होतं. पुढच्याच खांबाला बांधलेल्या दोरीवरून सुचलं होतं, मांडवाचं होतं, तोंड अर्धं उघडलंही होतं. आणि शोभाबाई मायेने म्हणाल्या, "छायाले राहू द्या वं. तिले काऊन त्रास देता?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. शेजारणीने छायाच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाळी पुढे गेली. छायाने ते नाव गिळलं. ते खाली उतरलं नाही, तिथेच गळ्यात राहिलं. तिला एकच हवं होतं, एकदा, चार माणसं ऐकताहेत असं ते नाव मोठ्याने घ्यायचं होतं. एवढी साधी गोष्ट, पण ती कुणाला मागता येत नव्हती. रक्षा त्या गोलाच्या मागे उभी होती. तिने सगळं बघितलं होतं.

घरी तर नाव निघतच नसे. रक्षा 'बाबा' म्हणेनाशी झाली, छाया 'हे' म्हणेनाशी झाली. दोघी एकमेकींना जपत होत्या, आणि जपता जपता घरातून माणूस पुरता पुसला जात होता.

दिवाळीनंतर रक्षाने खेळात नावगिळ्या आणला.

छाया उंबऱ्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आताशा ती उंबऱ्यापर्यंत सरकली होती. रक्षाने सांगितलं, पहाडाच्या पोटात एक राक्षस राहतो. तो माणसं खात नाही, गुरं खात नाही. तो नावं खातो. दुपारच्या वेळी गावात येतो, आणि ज्याचं नाव गिळलं त्याचं नाव कुणाच्या जिभेवर येत नाही. माय दारात उभी राहते, लेकराला हाक मारायची असते, तोंड उघडते आणि नुसती हवा निघते. मग हळूहळू लोकांना हाक न मारता राहायची सवय होते. मग त्यांना वाटतं, असं कुणी नव्हतंच.

"गाव कसं दिसते?" नीलेशने विचारलं.

"चांगलं दिसते," रक्षा म्हणाली. "झाडलोट केलेलं. फक्त आवाज नाई."

छायाच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते गाव तिला ओळखीचं होतं. ती त्याच गावात राहत होती. पोरीला हे कुठून कळलं असेल, या विचाराने तिचे डोळे भरून आले, आणि शेंगांची टोपली उचलून ती आत गेली.

पुढच्या रविवारी गुंजनची नागपूरला परीक्षा निघाली. दोघांवर खेळ अडला, कारण गुहेच्या तोंडाशी तिघं लागतात असं मागेच बोलून झालं होतं आणि बोललं ते झालं. पोरं तोंडं पाडून बसली. मग अंकितनेच उंबऱ्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही या ना."

"मी? मले काय येते त्यातलं!"

"तुम्ही दर रविवारी ऐकूनच तर राह्यल्या. गुंजनचा चोर घ्या."

"मी चोरबिर होत नाई," छाया ठणकावून म्हणाली. पण उठली. पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्या वाकड्या पायाच्या टेबलाशी बसली. रक्षा पुठ्ठ्याच्या भिंतीवरून तिच्याकडे बघत होती. घरातली रक्षा आणि ही रक्षा यांत फरक होता, हे छायाला समोर बसल्यावर कळलं. हिच्यासमोर उगीच पाठ सरळ करावीशी वाटत होती.

"मंग तू कोण हायेस?" रक्षाने विचारलं.

छायाने क्षणभर विचार केला. "मांडववाली."

अंकित फस्सकन हसला. रक्षा हसली नाही. "बरं. तुझ्या खांद्यावर दोर हाय, कमरेला कोयता हाय. चल."

आणि छाया चालू लागली. हे तिला नंतर कुणाला समजावून सांगता आलं नाही. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन टेबलावर पडलं होतं, बाहेर भाजीवाल्याची हाक येत होती, आणि तरी ती पहाड चढत होती. वारा होता. दगड ओले होते. मधे एक भेग लागली, खाली अंधार; पोरं तर्क लढवत बसली, आणि छायाने आपसूक सांगितलं की दोन बांबू आडवे टाकून मांडवाची गाठ मारायची, ती ओढली की आणखी आवळते. सांगताना हात हवेत गाठ बांधत होते. ही गाठ तिने शेकडो वेळा खालून बघितली होती. तिने फासा टाकला, ताटात चौदा आले, आणि तिघंही भेग ओलांडून पलीकडे गेले. अंकित टाळ्या वाजवायला लागला. छायाला बालपणी पहिल्यांदा यात्रेत पाळण्यात बसल्यावर झालं होतं तसं झालं. तिला वाटलं, माणसाला हे येतं? नुसत्या बोलण्यातून?

गुहा आली. रक्षाचा आवाज खाली उतरला. आत भिंतीच्या कडेने नावं पडली होती म्हणाली, सुकलेल्या शेंगांसारखी, वाजणारी, आत दाणे नसलेली. आणि मधे नावगिळ्या बसला होता. त्याला डोळे नव्हते. त्याला नुसता गळा होता.

"काऊन आले वं माय?" नावगिळ्या छायालाच म्हणाला. "तुयाकडे काय उरलं हाय?"

समोर आपली मुलगी होती, हे छायाला माहीत होतं. तरी तिची मान वर होईना.

आता, या राक्षसाला मारायचा उपाय नीलेशजवळ होता. मागच्या कितीतरी रविवारांत निरनिराळ्या दगडांवर एकेक अक्षर सापडलं होतं, ती जुळवून त्याने राक्षसाचं खरं नाव काढलं होतं. ते नाव त्याच्या तोंडावर घेतलं की तो फुटणार. नीलेश नुसता उतावीळ झाला होता. पण पाळी छायाची होती, आणि खेळात पाळी म्हणजे पाळी. नीलेश तिला सांगायला वाकला, तोवर रक्षा म्हणाली,

"मांडववाली, तुयी पाळी. नाव घे."

नाव घे! अडीच वर्षांत हे दोन शब्द छायाला कुणी म्हटले नव्हते. तिला दगड आठवले नाहीत, अक्षरं आठवली नाहीत. कुणीतरी तिला नाव घे म्हणालं होतं. ती ताठ बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि समोरच्या त्या गळ्याकडे बघून म्हणाली,

"नावं गिळून गिळून ज्याचं भरलं नाई पोट,
कैलासरावांचं नाव घेते, थरथरू द्या ओठ."

अंकितने तोंडाशी नेलेला चहा तसाच धरला. नीलेश न राहवून हळूच म्हणाला, "काकू... त्याचं नाव घ्याचं होतं. राक्षसाचं."

छायाच्या कानापर्यंत आग गेली. इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. पोरांच्या खेळात येऊन आपण काय हे करून बसलो! "अवं बाई, चुकलं माह्यं," ती उठायला लागली. "राहू दे. तूच घे बाबा नीलेश, मी आपली चहा..."

"बस," रक्षा म्हणाली.

ती पांढरीफटक पडली होती. पुठ्ठ्याच्या कडा तिने दोन्ही हातांनी धरल्या होत्या. "बोललं ते झालं. मांडववालीनं नाव घेतलं. फासा टाक."

छायाने फासा घेतला. घाईघाईने टाकला तसा तो ताटाच्या काठावर आपटला, उडाला, आणि पुठ्ठ्याच्या भिंतीवरून पलीकडे रक्षाच्या बाजूला जाऊन पडला. तो एकदा वाजला आणि थांबला. तो रक्षाशिवाय कुणाला दिसत नव्हता.

रक्षाने खाली पाहिलं.

"किती आले?" अंकितने विचारलं.

रक्षाने मान वर केली. तिने एक हात तोंडाशी नेला, जणू दातांत सुतळी धरली आहे, आणि नावगिळ्याच्या आवाजात नाही, स्वतःच्याही आवाजात नाही, तर शिडीवरून खाली येणाऱ्या एका आवाजात ती म्हणाली,

"ऐकू नाई आलं!"

छायाला वाटलं, वर बघावं. तिने खरोखरच वर बघितलं. वर पंखा होता.

"ऐकू नाई आलं," रक्षा पुन्हा म्हणाली. "आणखी मोठ्यानं घे."

तेव्हा छायाच्या गळ्यात उन्हाळ्यापासून अडकलेलं ते सुटलं.

"मांडव गेला, खांब गेले, राहिली नुसती दोरी,
कैलासरावांचं नाव घेते, नाई करत चोरी!"

"ऐकू नाई आलं!"

"काकू, घ्या," नीलेश म्हणाला. त्याने आपली जुळवलेली अक्षरं गिळून टाकली होती. अंकितने टेबलावर थाप मारली, "घ्या काकू, अख्ख्या पिपरीले ऐकू जाऊ द्या!"

छाया उभी राहिली. गाल ओले झाले होते, तिने पुसले नाहीत. खिडकी उघडी होती, रस्त्याने माणसं जात होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. लग्नमांडवात शेवटच्या पंगतीपर्यंत पोचायचा तो तिचा जुना आवाज, तो मेला नव्हता, नुसता बसून राहिला होता.

"कारंजाच्या वाटेनं गेले, 'येतो' म्हणाले जाता-जाता,
कैलासरावांचं नाव घेते, अडवून दाखव आता!"

त्या वेळी गुहेत काय झालं ते रक्षाने सांगितलं. तिचा आवाज फाटत होता, पण ती थांबली नाही. नावगिळ्याने ते नाव गिळायला गळा वासला आणि ते आत मावलं नाही म्हणाली. ते आडवं अडकलं. मग त्याच्या पोटातून एकेक करून सगळी नावं बाहेर पडायला लागली, आधी एक लेकराचं, मग एका म्हातारीचं, मग भळाभळा. खाली गावात दारं उघडली. माया दारात आल्या आणि हाका मारायला लागल्या. एवढ्या हाका की पहाड दुमदुमला. छायाला त्या ऐकू येत होत्या. चौघांनाही येत होत्या. कुणी हलत नव्हतं, आणि अंकित, ज्याने स्वतःचा योद्धा मेला तेव्हासुद्धा फक्त तोंड फुगवलं होतं, तो शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत पोरं निघाली. निघताना अंकित छायाच्या पाया पडला, का पडला हे त्यालाच ठाऊक. "येतो काकू," म्हणाला.

"येजो," छाया म्हणाली.

रक्षा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. छायाने कप गोळा केले, ताट उचललं, टेबल पुसायला पुठ्ठ्याची भिंत बाजूला केली. तिच्या दुमडीत फासा पडला होता, जसा पडला तसाच. गडबडीत तो कुणी उचललाच नव्हता.

त्याच्यावर वीस होते.

छायाने हात लावला नाही. वाकून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. वीसच. वीस आले की विचारायलाच नको, हे तिलाही आता माहीत होतं. पहिल्याच खेपेला सगळं झालं होतं. नाव पोचलं होतं. आणि फाशाचं खोटं कधी न सांगणारी तिची पोर, अंकितच्या योद्ध्यासाठी न बधलेली, तिने आज समोर बसून खोटं सांगितलं होतं. कशासाठी, ते छायाला कळलं. त्या नावाची भूक या घरात तिला एकटीलाच नव्हती.

ती तिथेच रक्षाच्या खुर्चीत बसली. रक्षा आत आली, आईला पुठ्ठ्याच्या पलीकडे, आपल्या जागेवर बसलेलं बघून दारातच थबकली.

"रक्षे," छाया म्हणाली, "पहिल्याच वेळी ऐकू आलतं ना?"

रक्षाचा चेहरा लहानपणी रडायच्या आधी व्हायचा तसा झाला. तिने हात तोंडाशी नेला, सुतळी धरल्यासारखा, पण या वेळी बापाचा आवाज काही साधला नाही, तिचा स्वतःचाच निघाला.

"ऐकू नाई आलं, आई."

छायाने तिला जवळ ओढून बसवलं. मग जे तिने अख्ख्या संसारात, एकांतातसुद्धा, कधी केलं नव्हतं ते केलं. यमक जोडलं नाही, राव लावलं नाही.

"कैलास," ती म्हणाली. नुसतं नाव.